शेवटची गल्ली, रंग पोपटी

"या शहरात कोण कुणाला मत देणार, हे त्या माणसाच्याही आधी मला कळतं!"

दिवसातून एकदा तरी भाऊसाहेब हे वाक्य टाकायचेच. आणि टाकल्यावर समोरच्याकडे असं बघायचे, की त्या बिचाऱ्याला गेल्या निवडणुकीत आपण काय केलं ते उगाचच आठवायला लागावं!

भाऊसाहेब म्हणजे नगरपालिकेचे हेडक्लार्क. तीस वर्षं एकच टेबल, एकच खुर्ची. मागच्या खिडकीतून समुद्र दिसायचा, म्हणजे इतरांना दिसायचा. भाऊसाहेबांची त्याच्याकडे पाठ असायची. त्यांच्यापर्यंत पोचायची ती फक्त वाळू. खणात वाळू, शिक्क्याच्या पॅडवर वाळू, आवक नोंदवहीच्या पानापानांत वाळू. रोज सकाळी ते नोंदवही उलटी धरून झटकत आणि मगच तिच्यात काही लिहीत. नोंद स्वच्छ हवी, हा त्यांचा बाणा. खोटी नोंद तर सोडाच, खाडाखोड केलेली नोंदसुद्धा तीस वर्षांत त्यांच्या हातून झाली नव्हती.

पण त्यांचं खरं वैभव नोंदवहीत नव्हतं, कपाटामागे गुंडाळून ठेवलेल्या एका तक्त्यात होतं. चार मोठे कागद जोडून केलेला तक्ता! शहरात सत्तेचाळीस गल्ल्या, सगळ्या एकीकडे मोठ्या रस्त्याला लागलेल्या आणि दुसरीकडे वाळूत उतरलेल्या, कंगव्याच्या दातांसारख्या. तक्त्यात प्रत्येक गल्लीचा एक चौकोन आणि चौकोनात रंगीत पेन्सिलीने भरलेला रंग. हिरवी गल्ली म्हणजे नगराध्यक्षांची, डोळे मिटून. लाल म्हणजे हातची गेलेली, तिच्या नादी लागण्यात अर्थ नाही. आणि पिवळी म्हणजे डळमळीत. जरा गोंजारलं तर इकडे, नाही तर तिकडे. दर निवडणुकीनंतर भाऊसाहेब एकेका मतदान केंद्राचे आकडे घेऊन बसत, बेरजा-वजाबाक्या करत आणि रंग ठरवत. हे काम नगरपालिकेच्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून ते त्याला काम म्हणत नसत. अभ्यास म्हणत!

हा अभ्यास बघायची परवानगी एकाच माणसाला होती, खुद्द नगराध्यक्षांना. निवडणूक जवळ आली की अध्यक्ष दार लावून घेत, तक्ता पसरत आणि पिवळ्या चौकोनांवर बोट ठेवत जात. बोट पडलं की महिन्याभरात त्या गल्लीत काहीतरी उगवायचं: दिवा, बाक, नळ, गटारावरचं झाकण. याच जोरावर ते तीनदा निवडून आले होते.

भाऊसाहेबांची स्वतःची गल्ली तक्त्यात अगदी टोकाला होती. तिचं नावच शेवटची गल्ली. अठ्ठावन्न मतदार. रंग हिरवा, तोही दोनदा गिरवलेला!

या गल्लीच्या शेवटच्या घरात भाऊसाहेब, त्यांची बायको, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची, आणि त्यांचे चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील, बाबा, असे तिघे राहत. बाबांनी जन्मभर होड्या रंगवल्या होत्या. आता गुडघे गेले होते आणि ते चाकांच्या खुर्चीत असत. घरापासून पाणी दोनशे पावलांवर. पण मधे वाळूत उतरणाऱ्या अकरा पायऱ्या होत्या आणि तीन वर्षांपूर्वीच्या वादळात त्यातल्या मधल्या पाच वाहून गेल्या होत्या. धडधाकट माणसं उड्या मारत उतरायची. बाबांनी तीन वर्षं समुद्र पाहिला नव्हता, फक्त ऐकला होता.

रोज संध्याकाळी भाऊसाहेब कचेरीतून आले की बाबा विचारायचे, "आज पाणी कसं होतं रे?"

"छान होतं."

"छान म्हणजे कसं?"

"म्हणजे... भरपूर होतं!"

बाबा मान हलवायचे आणि पुढे काही विचारायचे नाहीत. ज्याने आयुष्यभर पाण्याचा रंग बघून होडीचा रंग ठरवला, त्याला हे उत्तर किती पुरत असेल ते उघड आहे.

वहिनींनी पायऱ्यांसाठी अर्ज केला. रीतसर. अर्ज आला तो भाऊसाहेबांच्याच टेबलावर. त्यांनी शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि आठवड्याने उत्तर तयार केलं: 'आपला अर्ज प्राप्त झाला. योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' खाली स्वतःची लफ्फेदार सही. ते पत्र त्यांनी स्वतःच घरी आणलं आणि जेवताना वहिनींच्या ताटाशेजारी ठेवलं.

"पोच लागेल," ते म्हणाले.

वहिनींनी डावा हात पुसून सही केली. असे अर्ज तीन वर्षांत अकरा झाले, पायरीला एक या हिशेबाने. अकरा उत्तरं कपाटात एका दोऱ्यात बांधून ठेवलेली होती.

निवडणूक जाहीर व्हायला चार महिने उरले असताना भाऊसाहेबांनी एक चूक केली. कचेरीत छताची गळती काढायला माणसं आली होती म्हणून तक्ता घरी आणला आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पसरून पेन्सिलींना टोक काढत बसले. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि थबकल्या.

"हे काय भरतकाम काढलंय?"

खरं म्हणजे गप्प बसायचं. पण तीस वर्षांचा अभ्यास आणि बघणारा एकच माणूस! भाऊसाहेबांना राहवलं नाही. त्यांनी तीन रंगांचा अर्थ सांगितला, बोट कसं पडतं ते सांगितलं, सगळं सगळं सांगितलं. वहिनी शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी शेजारच्या बर्फगल्लीच्या चौकोनावर बोट ठेवलं. बर्फाचा कारखाना असलेली ती गल्ली, त्यांच्या गल्लीला लागूनच.

"ही पिवळी आहे."

"तीन निवडणुका पिवळी! भारी डळमळीत!"

"गेल्या वर्षी तिथे दिवे लागले."

"पिवळी होती ना."

"त्याआधी बाकं बसली."

"पिवळीच होती!"

"आणि समुद्राकडे उतरायला तो गुळगुळीत उतार केला, कठडा लावून?"

"अगं, पिवळी म्हटल्यावर करावंच लागतं!"

"आणि आपण?"

"आपण?" भाऊसाहेबांची छाती फुगली. "आपण हिरवे! ठार हिरवे! आपल्याकडे बघायचीसुद्धा गरज नाही!"

आतून बाबांचा आवाज आला, "आला का रे? आज पाणी कसं होतं?"

वहिनींनी तांब्या टेबलावर ठेवला. आपण काय बोलून बसलो ते भाऊसाहेबांना तेवढ्यात कळलं, पण तोवर उशीर झाला होता.

"म्हणजे बाबांच्या पायऱ्या तुम्ही अडवल्यात," वहिनी म्हणाल्या. "समुद्राने पाचच नेल्या होत्या."

"अगं, पण तक्ता खरा असतो! मी त्यात खोटं कसं लिहू?"

"नका लिहू. अकरा उत्तरं लिहिलीत ना, तेवढं पुरे आहे."

त्या दिवसापासून वहिनींचं त्यांच्याशी बोलणं बंद झालं. म्हणजे कामापुरतं चालू होतं, पण बाबांच्या मार्फत! "बाबा, त्यांना सांगा, जेवण वाढलंय." बाबा दोन हात अंतरावर बसलेल्या मुलाकडे वळून सांगायचे, "अरे, जेवण वाढलंय म्हणे." आवक-जावक घरातच सुरू झाली.

वहिनी भाऊसाहेबांशी बोलत नव्हत्या, पण शिवणमावशींशी बोलत होत्या. शिवणमावशी म्हणजे समोरच्या घरात कपडे शिवणाऱ्या. त्यांना वहिनींनी हे अगदी विश्वासाने सांगितलं. मावशींनी ते माप द्यायला आलेल्या नऊ बायकांना, प्रत्येकीला वेगवेगळं, अगदी विश्वासाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साऱ्या शहराला एक गोष्ट कळली होती: पक्क्यांना काही मिळत नाही, डळमळीतांना सगळं मिळतं!

आणि शहर डळमळायला लागलं. असं डळमळलं, की वादळातही कधी डळमळलं नव्हतं!

अध्यक्षांना रोज सकाळी फाटकापासून हाक मारणारा पाववाला मान खाली घालून सायकल दामटू लागला. ज्या न्हाव्याने त्यांच्या दोन्ही मुलांचे पहिले केस कापले होते, त्याने दाढी अर्धी झाली असताना विचारलं, "साहेब, तुम्ही आजवर आमच्यासाठी नेमकं केलंत काय?" वस्तरा गळ्याशी होता. अध्यक्षांनी पुढच्या आठवड्यात काय काय करणार ते एका दमात सांगून टाकलं!

खरी पंचाईत झाली ती विरोधी उमेदवाराची. त्या होत्या पोहण्याच्या बाई. चाळीस वर्षं त्यांनी या शहरातल्या पोरांना समुद्रात उतरवलं होतं. अध्यक्षांनाही लहानपणी मानेला धरून त्यांनीच पाण्यात बुडवलं होतं. गेल्या खेपेला त्यांच्या सभेला चार माणसं होती, त्यातली दोन वारा खायला आलेली. म्हणून या वेळी त्यांनी सहाच खुर्च्या मांडल्या होत्या. आली तीनशे माणसं!

भाऊसाहेब कोपऱ्यात उभे राहून अभ्यास करत होते. सभेतला एकही माणूस बाईंकडे बघत नव्हता. सगळे भाऊसाहेबांकडे बघत होते. बाई काहीही बोलल्या की लोक कडकडून टाळ्या वाजवायचे आणि हळूच त्यांच्याकडे नजर टाकायचे: नोंद झाली ना? एक म्हातारबुवा तर जवळ येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, माझ्या टाळ्या वेगळ्या लिहा हं. मी होडीगल्लीचा."

बाईंनी थोडा वेळ सहन केलं. मग पाण्यात घाबरलेल्या पोराला ओरडायच्या त्या आवाजात त्या ओरडल्या, "माझं ऐकायला आलात ना? मग तोंडं इकडे करा!"

तीनशे तोंडं वळली. बाई म्हणाल्या, "दिवा हवाय? दिवा मागा. नळ हवाय? नळ मागा. हे रुसण्याचं नाटक कशाला करताय? आपल्याच शहरात आपल्याला हवं ते मिळवायला आपण रुसून बसायचं, लहान मुलासारखं? लाज नाही वाटत?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण भाऊसाहेबांच्या लक्षात आलं, की त्यानंतर त्यांच्याकडेही कुणी बघितलं नाही. ते घरी आले ते बाईंचं बोलणं डोक्यात घेऊनच. त्यांना वाईट वाटत होतं, आणि नेमकं कशाचं ते ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी दार लावून घेतलं. चेहरा उतरलेला.

"भाऊसाहेब, परवापर्यंत हे शहर माझं होतं! एका रात्रीत काय झालं?"

काय झालं ते भाऊसाहेबांना नीट ठाऊक होतं. ते छताकडे बघत राहिले.

"निवडणूक जाहीर व्हायच्या आत माझ्या हातून नऊ कामं होतील," अध्यक्ष म्हणाले. "दहावं नाही. मला नऊ गल्ल्या काढून द्या. खरोखरच्या डळमळीत! सोंगं करणाऱ्या नकोत."

पाच दिवस भाऊसाहेब गल्लीगल्ली फिरले. दीपगृहाच्या गल्लीत दोन भाऊ दारात उभे राहून कुणाला मत द्यायचं यावर कडाकडा भांडत होते आणि मधेच थांबून भाऊसाहेबांना म्हणत होते, "वेग जास्त होतोय का? पुन्हा सांगू?" एका आजींनी तर पाठच केलं होतं: "मी बाई अजून काही ठरवलेलं नाही." त्यांना प्रकृती विचारली तरी तेच उत्तर, जेवण झालं का विचारलं तरी तेच!

पण तीस वर्षांचा अनुभव वाया जात नाही. भाऊसाहेबांनी सोंगं बाजूला काढली आणि आठ गल्ल्या नक्की केल्या. नववी होती बर्फगल्ली. नेहमीची पिवळी. तिला आता उताराच्या कडेला फुलझाडं हवी होती.

शनिवारी दुपारी रिकाम्या कचेरीत ते तक्ता पसरून बसले. का कोण जाणे, त्यांनी खुर्ची वळवली आणि खिडकीतून समुद्राकडे बघितलं. पाणी कसं होतं? बराच वेळ बघूनही त्यांना ते सांगता येईना. निळं नव्हतं, हिरवं नव्हतं, राखाडीही नव्हतं. हे बाबांना एका शब्दात सांगता आलं असतं. तीन वर्षं आपण त्यांना 'छान' आणि 'भरपूर' यांवर ठेवलं, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी खोडरबर उचललं.

नऊच कामं होती. आपल्या गल्लीला पिवळं करायचं तर एक पिवळी गल्ली उतरवायला हवी. त्यांनी आधी बर्फगल्ली हिरवी केली. हे पहिलं खोटं! मग शेवटच्या गल्लीचा हिरवा रंग खोडायला घेतला. पण दोनदा गिरवलेला तो रंग, तो काय निघतो! कागद फाटायची वेळ आली. शेवटी त्यांनी त्याच्यावरच पिवळी पेन्सिल ओढली. हे दुसरं खोटं! तीस वर्षांची स्वच्छ नोंद त्यांनी पाच मिनिटांत मातीत घातली.

सोमवारी अध्यक्षांचं बोट बरोबर तिथेच थांबलं.

"हा कुठला रंग?"

"पोपटी."

"पोपटी म्हणजे?"

"म्हणजे, साहेब... शेवटच्या गल्लीचा आता भरवसा देता येणार नाही."

"अहो, तुम्ही राहता तिथे!"

"म्हणून तर सांगतोय."

अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले. मग हळू आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब, खरं सांगा. मी इतका वाईट आहे का हो?"

याला तक्त्यात रंग नव्हता. भाऊसाहेबांना त्या माणसाची दया आली. तीनदा निवडून आलेला माणूस, आणि आपण लोकांना आवडतो की नाही हे त्याला पेन्सिलीच्या रंगावरून शोधावं लागत होतं! त्यांच्या तोंडावर आलं होतं, की साहेब, मी खोटं लिहिलंय. पण दोनशे पावलांवरचं पाणी आणि बाबांची चाकांची खुर्ची डोळ्यांसमोर आली.

"वाईट नाही," ते म्हणाले, "पण आमच्याकडे पायऱ्या नाहीत."

तीन आठवड्यांत पायऱ्या झाल्या. अकराच्या अकरा, आणि शेजारून कठड्याचा उतार. अध्यक्ष स्वतः आले. गल्ली दुतर्फा उभी राहिली आणि आनंदाने हसायला लागली. भाऊसाहेब रांगेमागून फिरत एकेकाला दबक्या आवाजात दटावू लागले, "हसू नका! आपण डळमळीत आहोत!"

"आम्ही आहोतच की," शिवणमावशी म्हणाल्या.

"वा! अस्संच बोलायचं!" भाऊसाहेबांनी त्यांना शाबासकी दिली.

मग वहिनींनी बाबांची खुर्ची उतारावर घेतली. बाबांनी दोन्ही हातांनी कठडा धरून ठेवला होता; खुर्ची नेईल त्यापेक्षा सावकाश त्यांना जायचं होतं. वाळूत फळ्या टाकल्या होत्या, त्यांवरून पाण्याच्या कडेपर्यंत गेले. एक लाट येऊन पावलांवरून फिरली. बाबा नुसते बघत राहिले, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. भाऊसाहेब शेजारी उभे होते. आपण खोटं लिहिलं याचा त्यांना त्या क्षणी जराही पश्चात्ताप झाला नाही.

"अहो," वहिनी म्हणाल्या. थेट त्यांच्याशी, बाबांना मधे न घालता! "बूट भिजतायत तुमचे."

"भिजू दे," भाऊसाहेब म्हणाले.

पश्चात्ताप झाला तो मतदानाच्या दिवशी. मतदार वाढले म्हणून केंद्र क्रमांक सातचे या वेळी दोन भाग केले होते. आजवर बर्फगल्ली आणि शेवटची गल्ली एकाच पेटीत मत टाकत. आता दोघींच्या पेट्या वेगळ्या! म्हणजे उद्या आकडे वेगळे येणार. अठ्ठावन्नपैकी अठ्ठावन्न मतं आपल्याला पडलेली अध्यक्षांना दिसणार, आणि विश्वासू हेडक्लार्क खोटारडा ठरणार!

पडद्याआड मतपत्रिकेसमोर उभे राहून भाऊसाहेबांनी विचार केला. निदान एक मत तरी तिकडे जायला हवं. अठ्ठावन्नात एक! तेवढ्यानेसुद्धा गल्ली थोडी डळमळीत होती असं म्हणायला जागा राहील. नोंद अगदीच खोटी ठरणार नाही. आज पहिल्यांदाच त्यांनी अध्यक्षांचं नाव सोडलं आणि बाईंच्या नावासमोर शिक्का मारला. शिक्का जरा तिरकाच बसला. बाहेर आल्यावर त्यांनी कुणाच्याही नजरेला नजर दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी झाली. अध्यक्ष चौथ्यांदा निवडून आले, पण या वेळी घाम काढून. भाऊसाहेब आकडे उतरवून घेत होते. केंद्र सात, पहिला भाग, बर्फगल्ली: सहासष्ट मतांपैकी अध्यक्षांना त्रेसष्ट.

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. चूक असेल.

केंद्र सात, दुसरा भाग, शेवटची गल्ली: अठ्ठावन्न मतांपैकी अध्यक्षांना दोन.

"दोन?" ते मोठ्याने ओरडले. "पुन्हा मोजा!"

पुन्हा मोजली. दोनच!

त्यांनी जुने आकडे काढले. मागच्या वेळी दोन्ही गल्ल्या मिळून अध्यक्षांना चौसष्ट मतं होती. त्यांनी काय धरलं होतं? अठ्ठावन्न आपली, उरलेली सहा बर्फगल्लीची. म्हणजे बर्फगल्ली वळू लागलीय, पिवळी! आणि आज दोन्ही मिळून पासष्ट. बेरीज जवळजवळ तीच. फक्त ती मतं त्यांच्या गल्लीची नव्हती. कधीच नव्हती! ज्यांना दिवे, बाकं, उतार मिळाले ते हौसेने अध्यक्षांना मतं देत राहिले. ज्यांना काही मिळालं नाही ते देईनात. यात न कळण्यासारखं काय होतं? सगळ्या शहराचा अभ्यास केला, पण स्वतःच्या गल्लीचा रंग त्यांनी कधी तपासलाच नव्हता. आपण राहतो ती गल्ली आपल्यासारखीच असणार, हे त्यांनी धरूनच टाकलं होतं.

तीस वर्षांत त्या तक्त्यात दोन नोंदी त्यांनी जाणूनबुजून खोट्या केल्या होत्या. आणि नेमक्या त्या दोनच खऱ्या निघाल्या!

अध्यक्षांनी गर्दीतून वाट काढत येऊन त्यांचे दोन्ही हात धरले. "भाऊसाहेब! सगळ्या शहरात खरं बोलणारा माणूस एक तुम्हीच! स्वतःच्या गल्लीबद्दल असं सांगायला छाती लागते!"

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. अध्यक्षांना तो विनय वाटला.

घरी येताना शिवणमावशी दारातच भेटल्या. भाऊसाहेबांनी त्यांना अडवलं. "मावशी, दर निवडणुकीच्या सकाळी तुम्ही सगळे मला म्हणायचात, 'काळजी करू नका भाऊसाहेब!' ते काय होतं?"

"तुमचा चेहरा फार काळजीत दिसायचा हो," मावशी म्हणाल्या. "म्हणून म्हणायचो. मत कुणाला, ते तुम्ही कधी विचारलंत?"

भाऊसाहेब आत आले. बाबा नुकतेच समुद्रावरून आले होते. चाकांना ओली वाळू होती. वहिनी ती कापडाने पुसत होत्या. भाऊसाहेबांनी दोघांना सगळे आकडे सांगितले आणि डोकं धरून बसले.

"दोन मतं! सबंध गल्लीत दोन! कोण असतील ते दोघे?"

"एक माझं," बाबा म्हणाले.

"तुमचं? म्हणजे तुम्ही तरी आजवर..."

"छे! आजवर कधी नाही दिलं. तिथे बसून तू दर निवडणुकीला म्हणायचास, आपली गल्ली म्हणजे अध्यक्षांचीच. मी कशाला तुझं मन मोडू? पण या वेळी दिलं. पायऱ्या केल्या ना त्याने."

"दुसरं माझं," वहिनी म्हणाल्या. "माझंही पहिलंच. बाईंनाच देणार होते. पण त्या दिवशी बाबा पाण्यात पाय सोडून बसले होते ना, ते आठवलं आणि हात तिकडे गेला."

त्या एकदम थांबल्या. कापड हातातच राहिलं. त्यांनी बोटांवर मोजलं: एक बाबा, एक आपण. पुन्हा मोजलं.

"अहो," त्या सावकाश म्हणाल्या, "दोन्ही मतं आमचीच झाली. मग तुमचं कुठे गेलं?"

तीस वर्षं साऱ्या शहराची मतं रंगीत पेन्सिलींनी उघड्यावर मांडणाऱ्या भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"हे बघ," ते म्हणाले, "मतदान गुप्त असतं!"